माणसांनी खाऊ नये

आक्का कुत्र्यांचं खाणं खायची. चेष्टा नाही करत. कुपवाडच्या एमआयडीसीत आमच्या शेठची कुत्र्यांच्या खाण्याची फॅक्टरी होती, तिथं ती मिक्सरवर होती आणि भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्यातला एक दाणा आधी स्वतःच्या जिभेवर ठेवायची. डोळे मिटून चघळायची आणि चक्क गिळायची. मग म्हणायची, "जाऊ द्या म्होरं." नाहीतर, "मीठ वाढलंय, ह्यो घाणा माझ्या नावावर नगं." पहिल्या दिवशी मी फिदीफिदी हसलो, तर माझ्याकडं वळून म्हणाली, "आरं शाण्या, जे माझ्या जिभंला सोसंना, ते मुक्या जित्राबाच्या म्होरं टाकू व्हय? त्येला तोंड हाय, पर बोलाय येत न्हाई."

तेव्हापासून माझं नाव शाण्या पडलं ते पडलंच. मी सांगलीचा, जरा बरं इंग्रजी येणारा, म्हणून ऑफिसात खुर्ची मिळालेला. पिशवीवर काय छापायचं ते मी लिहायचो. आक्काला अक्षरओळख नव्हती, पण तोंडाचा पट्टा असा की शेठसुद्धा मिक्सरपाशी फार वेळ थांबायचे नाहीत. "शेठ, लय ग्वाड बोलता तुमी, मुंग्या लागतील," असं ती त्यांच्या तोंडावर म्हणायची. मला एकदा ताप आला होता तेव्हा डब्यात मटणाचा रस्सा घेऊन खोलीवर आली आणि दारातूनच खेकसली, "खा मुकाट्यानं. मेलास तर पिशवीवर कोण लिवणार?" तसा रस्सा मी पुन्हा कधी खाल्ला नाही.

ती जतच्या पूर्वेची, मेंढरांमागं वाढलेली. नवरा गेल्यावर कुपवाडला आली, पण तिचा धाकटा भाऊ बिरू अजून मेंढरं राखायचा. तिच्याकडून मी एक रीत ऐकली. त्यांच्यात चुलीवरची पहिली भाकरी कुत्र्याची. कोंडा घालून जाडजूड थापलेली, पण पहिली. मालक मागनं जेवणार. "राखणदाराच्या घासात हात घातला, की लांडग्याला आवतान," ती म्हणायची. शहरातली माणसं कुत्र्याला सोफ्यावर घेतात आणि पाकीट फोडून वाडग्यात ओततात, आत काय आहे ते बघत नाहीत, याचा तिला राग यायचा. "मांडीवर घेत्यात, पर ताटात काय हाय ते इचारत न्हाईत. लाड कसले रं ह्ये?"

सुरुवातीला आमच्याकडं कोंबड्यांचं उरलंसुरलं घेऊन रोज टेम्पो यायचा. वास मारायचा, पण कोंबडी होती. एके दिवशी टेम्पो बंद झाला आणि तोंड शिवलेली पांढरी पोती आली. आत तपकिरी भुकटी. बरोबर एक कॅन, त्यात भाजलेल्या कोंबडीच्या वासाचं तेल. भुकटी पिसांची होती, उकडून दळलेली. मला माहीत होतं, मालाचे कागद माझ्याच टेबलावरून जायचे. मी शेठना विचारलं, "पिशवी बदलायची का?" शेठ म्हणाले, "कशाला? चित्र चांगलं आलंय." चित्रात सोनेरी भाजलेली तंगडी होती आणि खाली इंग्रजीत आणि मराठीत माझंच वाक्य, 'अस्सल कोंबडीच्या मांसापासून'.

पहिला घाणा निघाला. आक्कानं दाणा जिभेवर ठेवला आणि मी तिला पहिल्यांदा थुंकताना पाहिलं. पिशवी हातात धरून ती ऑफिसात आली. "शाण्या, ह्यात कोंबडी न्हाई. नखं चावल्यावानी लागतंय."

"आहे आक्का. वाळवून दळलेली आहे, म्हणून तशी लागते."

"वाच. काय लिवलंय त्ये वाच."

मी वाचलं. शब्दाखाली बोट ठेवून, शाळेत धडा वाचतात तसं स्वच्छ वाचलं. ती त्या अक्षरांकडं बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "लिवलंय म्हंजी आसंल. छापल्यालं कशाला खोटं आसंल? माझीच जीभ म्हातारी झाली." आणि जाऊन दुसरा दाणा तोंडात टाकला आणि गिळला. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. सुटलो बुवा एकदाचा, असं वाटलं. मी असला माणूस आहे.

माझ्या त्या वाचण्यावर विसंबून तिनं बिरूला सांगितलं, "ह्या साली भाकऱ्या थापायचा ताप नगं. माझ्या हातचं हाय, पोती घिऊन जा." बिरू पोती घेऊन मेंढरांमागं गेला. कुत्री पोटभर खात होती आणि वाळत होती. केस गळाले, बरगड्या वर आल्या. बिरूला वाटलं, रोग आला असेल. रोग झालेल्याला जास्त खायला घालावं म्हणून तो जास्त घालत गेला. मग लांडगा आला. कुत्री भुंकली, पण जागची उठली नाहीत. सात कोकरं गेली आणि एक म्हातारी कुत्री गेली, जिला ती पिल्लू असताना आक्कानं दूध पाजून वाढवलं होतं.

बिरू फॅक्टरीच्या गेटवर आला तो उरलेलं पोतं खांद्यावर घेऊन. दुपारच्या सुट्टीत सगळे कामगार बाहेर होते. त्यानं पोतं तिच्या पायावर टाकलं आणि म्हणाला, "तुझ्या सबदावर घातलं, आक्के. आईच्या जागी मानलं तुला. खोटारडी निघालीस." एवढंच बोलला आणि गेला. बडबडी आक्का, सगळ्यांना उभं-आडवं फाडणारी, खाली वाकून पोतं उचलू लागली. मग माझ्याकडं आली. "शाण्या, आता खरं वाच."

मी सांगितलं. पिसं आहेत म्हणालो. ती ओरडेल, थोबाडीत मारेल, असं वाटलं होतं. मारली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मला कागूद पायजे. सरकारी. पिशवी खोटी व्हती, मी खोटी न्हवती, आसा. बिरूला दावायचाय."

भेसळीची तक्रार घेतात त्या सांगलीच्या ऑफिसात ती एक पिशवी घेऊन निघाली. शेठनी मला बोलावलं. "जा तिच्याबरोबर. कुठं कुठं बोंबलते ते बघून ये." मी तिला म्हणालो, सोबत येतो. तिचा चेहरा खुलला. "चल बाबा. तू हायस म्हंजी वाचायची काळजी न्हाई."

तिथले साहेब काही वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आजी, तुमचं खरं असेलही. पण आमचा कायदा माणसांच्या खाण्याचा. कुत्र्यांच्या खाण्याला सरकारी मानक आहे, पण ते पाळायची सक्ती नाही. पिशवीवर काय लिहायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. माणसाच्या पोटात जाणारं असतं, तर आत्ताच्या आत्ता नमुना घेतला असता."

आक्कानं पिशवीचं तोंड सोडलं, मूठभर दाणे घेतले आणि तोंडात कोंबले. कडाकडा चावत, डोळ्यांत पाणी येईतो गिळले. "मी माणूसच हाय न्हवं? ग्येलं माणसाच्या पोटात. घ्या आता नमुना. लिवा."

सगळं ऑफिस हसलं. शिपाई तर भिंतीला टेकून हसला. साहेबांनीही ओठ दाबून पिशवीची मागची बाजू वळवली, चष्मा वर सरकवला आणि शिवणीजवळची मुंगीएवढी ओळ शोधून काढली. "अहो, यांना कुणीतरी हे वाचून दाखवा."

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी वाचलं, "माणसांनी खाऊ नये."

त्या आख्ख्या पिशवीवर तेवढं एकच वाक्य खरं होतं. तेही मीच लिहिलं होतं. चूक माझी नाही, पिशवीची नाही, खाणारीची, असं त्या ओळीनं ठरवून टाकलं आणि साहेबांनी फाईल मिटली.

मी शेठना सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला काढलं. "खाल्ल्या घरचे वासे मोजते," म्हणाले. मला मात्र पाठीवर थाप मिळाली. "ती ओळ घातली होतीस म्हणून वाचलो बघ." आक्का गठुडं घेऊन गेटवर उभी होती. मी जवळ गेलो. ती शांतपणे म्हणाली, "शाण्या, तुझं वाचणं लय झ्याक हाय. येक अक्षर आडत न्हाई." यापेक्षा वाईट शिवी मला आजवर कुणी दिलेली नाही.

त्यानंतरही मी वर्षभर त्याच खुर्चीत बसून तीच लेबलं लिहिली. उगाच धुतल्या तांदळासारखा असल्याचा आव आणत नाही. पुढं काम सोडलं आणि मग सुचलं. वरातीमागून घोडं! एका कागदावर सगळं लिहिलं. पिशवीत कोंबडी नव्हती, आक्कानं जिभेनं ओळखलं होतं, मी खोटं वाचून तिला फसवलं. खाली सही केली, एसटीनं जत गाठलं आणि पुढं विचारत विचारत बिरूच्या मेंढरांच्या वाड्यावर गेलो.

बिरूनं बहिणीला ठेवून घेतलं होतं, पण तिच्याशी बोलत नव्हता. आणि तिच्या हातचं कुत्र्यांना घालू देत नव्हता. सकाळी पहिली भाकरी ती अजून कुत्र्यांचीच थापायची, कोंड्याची. बिरूची बायको वेगळी थापून कुत्र्यांना घालायची. मग आक्का आपली भाकरी आपणच खायची.

मी बिरूला कागद दिला. त्यानं उलटासुलटा केला आणि परत दिला. "मला येत न्हाई. वाच." मी वाचला. शेवटपर्यंत वाचला. बिरूनं ऐकलं. मग म्हणाला, "त्ये पैलं वाचणारा तूच न्हवं?"

"होय."

"मग ह्येबी खरं कशावरनं?"

चुलीपाशी आक्का बसली होती, मान वर न करता. तव्यावरची जाड भाकरी तिनं मोडली आणि अर्धी माझ्यापुढं सारली. "खा. ज्वारीचं पीठ हाय, कोंडा हाय, मीठ हाय. दुसरं काय न्हाई."

मी खाल्ली. ज्वारी होती, कोंडा होता, मीठ होतं. दुसरं काही नव्हतं.

एक तांबडं कुत्रं येऊन माझ्यासमोर बसलं, शेपूट हलवत. मी तुकडा मोडून हात पुढं केला, तर मागून बिरू खेकसला, "ए! त्येला टाकू नगंस."

माझा हात तसाच राहिला. आक्कानं त्यातला तुकडा उचलला, डोळे मिटले आणि आपल्या तोंडात टाकला.