टबाखालच्या पाचरी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. खरं तर तिलाच आधी सांगायला हवं होतं. पण ज्याचं वाटोळं केलं तो तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा — मग कोणत्या तोंडानं सांगू? तुमची-माझी ओळख नाही, म्हणून जीभ रेटते आहे.

मी लातुरात नळफिटिंग करतो. दत्ताभाऊ, माझे साडू, मुरुडचे गवंडी. फरशी बसवावी तर त्यांनी. बादली उपडी करा, पाणी कुठं न रेंगाळता मोरीकडे जायचं. मला लातुरात पहिली कामं मिळाली ती त्यांच्या शब्दावर. हे आधीच सांगून टाकतो, नंतर सांगायला लाज वाटेल.

भुसाराचे व्यापारी असलेल्या एका अप्पांनी न्हाणीघर नवं केलं. फरशी भाऊंची, नळ माझे. पुण्याच्या मुलानं बाथटब पाठवला तेव्हा गल्ली हसली — प्यायला पाणी नाही अन् डुंबायला टब! पण अप्पा वेडे नव्हते. आमच्याकडे नळ आठ-आठ दिवसांनी येतो, घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवावं लागतं. टब म्हणजे त्यांना आयती टाकी. त्यात कोणी कधी बसणार नाही, तो कायम काठोकाठ भरलेला राहणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय असती तर किती बरं झालं असतं.

न्हाणीघराच्या फरशीला उतार असतोच. टब मात्र सपाट बसायला लागतो. मग उताराच्या बाजूला सिमेंटचा माल भरायचा, तो वाळू द्यायचा, त्यावर टबाचे पाय टेकवायचे. पण दुसऱ्या दिवशी पाणी सुटणार होतं आणि अप्पांच्या घरच्या काकू सारख्या विचारत होत्या, आज होईल ना? काकूंची घाई — हे कारण मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. खरं काय? मला कंटाळा आला होता. एवढंच.

टब ज्या खोक्यातून आला त्याच्याच फळीच्या दोन पाचरी केल्या. मोरीकडच्या पायांखाली ठोकल्या, वरून पांढरं सिमेंट लिंपलं. लेव्हल ठेवली, बुडबुडा मधोमध. काकूंनी खूश होऊन चहा दिला, तो मी प्यालो.

पावसाळा सरता सरता टब कलला. काकू काठावर हात टेकून तांब्यानं पाणी घेत होत्या. सगळं पाणी अंगावर आलं आणि त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. अजूनही त्या वॉकर धरून चालतात.

अप्पांनी दवाखान्यातूनच मला फोन केला, घरात पाणी झालंय, जाऊन बघ म्हणून. मी गेलो. घरात कोणी नव्हतं. पाचरी कुजून मऊ झाल्या होत्या, एक चिरून बाहेर आली होती. मी काय केलं असेल? दोन्ही उचलून पिशवीत टाकल्या. आणि अप्पांनी विचारलं तेव्हा म्हणालो, फरशीच वाकडी होती, मी तरी काय करणार.

भाऊ आले. त्यांनी काकूंची माफी मागितली आणि स्वतःच्या हातानं घातलेली चांगली फरशी स्वतःच फोडायला बसले. फोडायच्या आधी पुन्हा पुन्हा लेव्हल लावून बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बालाजी, मला तर उतार बराबर दिसायलाय. नजर गेली का काय माझी?”

पाचरी लपवल्या, खोटं बोललो, ते भीतीपोटी. पण आत्ता? आत्ता तर कोणी मला जाब विचारत नव्हतं, नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, “वय झालं, भाऊ.”

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं — माझ्यावर विश्वास होता ना.

त्यानंतर त्यांनी फरशीचं काम घेतलं नाही. कंपाउंडच्या भिंती बांधतात, गिलावा करतात. यंदा मी घर बांधलं तेव्हा न्हाणीघराची फरशी तुम्हीच घाला म्हणून त्यांच्या मागे लागलो. त्याला काय म्हणायचं, मलाच कळत नाही. ते दारातच उभे राहिले. “फरशीचं दुसऱ्याला सांग. माझा हात बसत न्हाई आता.” तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी दुसऱ्याला सांगितलं.

त्यानं उतार चुकवला. पाणी मोरीकडे न जाता दाराकडे येतं. बायको रोज सकाळी खराट्यानं ते मागे लोटते आणि म्हणते, दाजींनी घातली असती तर असं झालं नसतं.

मी हो म्हणतो.