संतरामच्या अंगनातली प्लेट

लिही नंदे, पयलं त्याचं नाव लिही. संतराम. माझा पाठचा भाऊ. गोरेगावात कुनालाबी इचार, संतराम जीपवाला म्हनलं की लोकं घर दाखवतेत. जीप गेली, पन नाव जीपवालाच राह्यलं.

मला गावातल्या गावातच दिलेलं. त्याच्या घराच्या अन् माझ्या घराच्या मधात एक बोळ. त्याच्या घरी फोडनी पडली की ठसका मला यायचा. म्हनून मी सांगते ते ऐकीव न्हाई, माझ्या डोळ्यानं बघितलेलं हाय.

केस काळे व्हते तवापासून संतराम गोरेगाव-सेनगाव लाईनला जीप चालवायचा. सकाळच्याला स्टँडवर वरडायचा, "सेनगाव, सेनगाव! बसा बाई, जागा हाय!" कुठली जागा! पाय ठेवायला न्हाई. पन म्हातारं मानूस आलं की त्याला आत घालायचा अन् सोता अर्धा भायेर लोंबत चालवायचा. दिवस भरलेली बाई असली तर दर खड्ड्याला आधीच सांगायचा, "माय, धर घट्ट, हितं एक हाय." अशा आवाजात सांगायचा, जसा काई तो खड्डा त्यानंच खांदला.

जीपीत पुढं त्याच्या बाजूची एक जागा मातर तो कुनालाच द्यायचा न्हाई. ती बालाजीची. बालाजी म्हंजी आमच्या मधल्या भावाचं, भागवतचं पोरगं. भागवत विहिरीवर मोटर बसवता बसवता करंट लागून गेला. पोरगं तवा एवढंसं. त्याच्या मायला तिच्या बापानं दुसरीकडं दिलं. संतरामला अन् त्याच्या बायकोला, नानीबाईला, लेकरू न्हाई. नानीनं ह्याला वसरीतून उचललं ते आपल्या पोटचंच केलं. डबा जीपीत, अभ्यास जीपीत, झोप जीपीत. पॅशिंजर म्हनायचे, "संतराम, ह्याचं तिकीट काहून घेत न्हाईस?" तर म्हनायचा, "तो मालक हाय. मी डायवर हाय."

बघ, मानसाच्या तोंडातून पुढचं कसं निघून जातंय ते.

पोरगं हुशार निघालं. हिंगोलीला आयटीआय केलं, मंग पुन्याला एका कंपनीत लागलं. बिजलीवरच्या गाड्यायला करंट पाजायची तिथं कामं व्हती. मागल्या साली त्याच कंपनीचं काम घेऊन गावाला परत आला, स्टँडापाशी खोली घेतली, अन् नवंच काढलं त्यानं. वसरीत जेवत व्हता, मी ताक घेऊन गेल्ते.

"काका, जीप इका," म्हनला.

"अन् मी काय चालवू? तुझी आत्या?"

"बिजलीची रिक्षा चालवा. डिझेल न्हाई, धूर न्हाई, आवाज न्हाई."

"अन् तिला पाजायचं कसं? रोज रात्रच्याला वायर लावा, सकाळी काढा, मधात लाईट गेली की बोंबला."

"वायर न्हाईच. आपल्या अंगनात जमिनीत एक प्लेट बसवू. गाडी तिच्यावर नुसती उभी करायची. बटन न्हाई, प्लग न्हाई. तुमी हात धुऊन भाकरीवर बसा, तोवर तिचं तिचं जेवन चालू. दर खेपेला थोडं थोडं. दिवसभर गाडी उपाशी राहात न्हाई."

नानीबाईच्या हातातली भाकर तव्यावरच राह्यली. ती म्हनली, "बालाजी, अंगनात करंट? तुझा बाप कशानं गेला रे?"

तवा पोरगं उठून तिच्यापाशी गेलं, चुलीपुढं बसलं अन् म्हनलं, "काकू, म्हनूनच तर मी हे शिकलो. तिच्यावर अनवानी पाय दिला तरी काईच व्हत न्हाई. प्लेट आधी गाडीला वळखती, मंगच करंट सोडती. गाईनं वासराला वळखावं तसं. दुसऱ्या कुनाला ती देतच न्हाई."

नानीनं पदरानं डोळे पुसले. संतरामनं त्याच हप्त्यात जीप हिंगोलीच्या एका गिऱ्हाइकाला इकली. नुसती ती पुढची सीट तेवढी काढून घेतली. वसरीत भिंतीला टेकवून ठिवली. "हे बालाजीचं," म्हनला.

अंगन त्यानं असंच दिलं, तोंडाच्या बोलीवर. आपल्याच पोराकडून काय लिहून घ्यायचं? मीटर बालाजीच्या नावानं आलं, कारन म्हनं कंपनीचं त्याच्याशी बोलनं व्हतं. कुनी काई इचारलं न्हाई.

प्लेट बसवली त्या दिवशी अर्धं गाव अंगनात. परातीएवढी काळी प्लेट, जमिनीच्या बराबरीनं, तिच्यावर पिवळ्या धातूच्या टिकल्या टिकल्या. संतरामनं नवी हिरवी रिक्षा हळूच तिच्यावर आनली. त्याला कुनी खुना दाखवायची गरज न्हाई पडली. गाडीच्या पोटाखालून एक सोंड खाली आली. आपुआप. चाचपडली, टिकल्यायला टेकली, अन् हँडलापाशी हिरवा दिवा लागला. लोकं वाकून वाकून बघायला लागले.

समोरच्या घरची रानी म्हनली, "अगं बाई, कोंबडी बसली की अंड्यावर!"

झालं. त्या दिवसापासून रिक्षाचं नाव कोंबडी. संतराम स्टँडवर आला की लोकं म्हनायचे, "उठली का कोंबडी?" तोबी म्हनायचा, "उठली, उठली, चला बसा पिल्लायनो."

अन् लाईन लई जोरात चालली, नंदे. आवाज न्हाई म्हनून म्हाताऱ्या बाया खूश. बोलनं आईकू यायचं. लोकं दुसऱ्या जीपा सोडून संतरामसाठी थांबायचे. खेप करून आला की गाडी प्लेटीवर, हा भाकरीवर. बराबर जमलं व्हतं.

मंग दसरा आला.

आमच्यात दसऱ्याला गाडी पुजल्याबिगर चाक हालवत न्हाईत. जीपीला नानी दर साली हळदकुकू लावायची, झेंडूचा हार घालायची, नारळ फोडायची. त्या साली तिनं रिक्षा पुजली अन् मंग खाली बसली प्लेटीपाशी. "जिच्या जिवावर गाडी चालती तिला काहून सोडू?" म्हनली. पाच बोटं हळदकुकवाची ओढली, फूल ठिवलं, नारळ फोडून त्याचं पानी तिच्यावर शिपडलं. अन् पाया पडली.

दुपारच्याला बालाजी सोनं द्यायला आला. काकाच्या पाया पडला, काकूच्या पडला, माझ्या पडला. पुरनपोळी खाल्ली. मंग त्याच्या सीटवर बसून किती तरी येळ मोबाईलवर बोट फिरवत राह्यला. नानी म्हनली, "सनाच्या दिवशी तरी ठिव रे ते." म्हनला, "झालंच काकू, एवढं एक काम."

दुसऱ्या दिवशी संतरामनं गाडी प्लेटीवर लावली. सोंड खाली आली, टेकली, अन् लाल दिवा. सोंड वर गेली. परत लावली. परत लाल.

बालाजीला बोलवलं. त्यानं वाकून बघितलं. बोट फिरवलं, बोटाला हळद लागली. तसाच उभा राह्यला अन् म्हनला, "काकू, ह्याच्यावर तुमी नारळाचं पानी वतलं? हळद टाकली? अरं देवा. ती फटीत बसली आता. कंपनीचा मानूस आल्याबिगर काई न्हाई व्हायचं."

नानीचं तोंड असं झालं, जसं काई तिच्या हातून लेकरू पडलं.

तिनं काय न्हाई केलं! लिंबू घासलं, चिच घासली, जुना ब्रश घेऊन एक एक टिकली कोरली. अशी चमकवली की तिच्यात तोंड दिसावं. रोज सकाळी संतराम गाडी लावायचा, ही दारात हात जोडून उभी. लाल.

कंपनीचा मानूस काई येईना. आज येतो, उद्या येतो. त्याच्या घरची जुनी वायर तेवढा करंट पेलंना, म्हनून मी माझ्या खिडकीतून वायर काढून दिली, बोळातून. त्या वायरीवर गाडी रातभर लावली तरी लाईट गेली की अर्धीच भरायची. दोन खेपा झाल्या की कोंबडी बसली रस्त्यात. एकदा तर पॅशिंजरानीच धक्का मारला. अन् त्याच दिसात स्टँडवर तसल्याच चार नव्या हिरव्या रिक्षा आल्या. कुनाच्या इचारलं तर म्हनं हिंगोलीच्या शेठच्या. लोकं तरी किती थांबतील? बसायला लागले त्यायच्यात.

अन् गावाला काय, तोंड हाय. पारावरनं वरडायचे, "संतराम, कोंबडीला हळद लागली म्हनं! लगन कधी?" नानी पान्याला जायची ती पदर वढून.

संतराम जल्मात बायकोवर वरडला न्हाई. त्या दिवसात एकदा ताट सरकवून म्हनला, "तुला कोन सांगितलं व्हतं देव देव करायला? माझी लाईन गेली त्या नारळानं."

मी म्हनलं, "काहून रे, जीपीला एवढे दसरे नारळ फोडला, ती कधी रुसली न्हाई. अन् पावसात न्हाई का भिजली ही प्लेट? सारा श्रावन तिच्यावर पानी पडलं, तवा हिरवा दिवा लागायचाच की!"

 पन बालाजी म्हनला ते खोटं कसं म्हनावं? संतरामच्या डोक्यात ते बसतच नव्हतं.

मंग एका दुपारी मी अन् नानी अंगनात बसून तूर पाखडत व्हतो. संतराम खेपेला गेल्ता. एक हिरवी रिक्षा सरळ अंगनात शिरली. मिशावाला, पोट सुटलेला डायवर. रामराम घातला, गाडी प्लेटीवर लावली. सोंड खाली आली.

हिरवा दिवा.

नानीच्या हातातलं सूप खाली गेलं.

मी इचारलं, "बापा, तू कोन?"

"मी शिवशंकर, सेनगावचा. शेठ म्हनले गोरेगावात आपली प्लेट हाय, जेवस्तोवर लाव. पानी भेटंल का मावशी?"

"कोनता शेठ?"

"बालाजी शेठ. चारी गाड्या त्यायच्याच. हिंगोलीचा एक भागीदार हाय नावाला."

त्या मानसाचा काई दोष न्हाई, नंदे. नानीनं त्याला पानी आनून दिलं. मंग प्लेटीपाशी उकिडवी बसली अन् त्या हिरव्या दिव्याकडं बघत राह्यली. लाखाचं सोनं हरपल्यावानी न्हाई, मेलेलं मानूस बघावं तसं.

संतराम आला. सगळं बघितलं. शिवशंकर जेवून गेल्यावर त्यानं आपली गाडी प्लेटीवर आनली. सोंड आली, टेकली, लाल. तो उतरला, म्हनला, "आक्का, ती मला वळखंना."

बालाजीला बोलवलं. आला, पन सीटवर बसला न्हाई. उभाच.

"दसऱ्याच्या दिवशी केलंस ना हे?" संतराम म्हनला. "हितं बसून. मोबाईलात."

"काका, धंद्यात असं करावं लागतं. लाईन एकच. लोकं तुमच्यासाठी थांबायचे, माझ्या गाड्या रिकाम्या फिरल्या असत्या. भागीदार म्हनला, त्यायचं नाव प्लेटीतून काढा."

"तर मला सांगायचं व्हतं. मी सोता बाजूला झालो असतो रे. तुझ्यासाठी न्हाई तर कुनासाठी? पन काकूच्या माथी काहून मारलंस? तिला सारं गाव हासलं. तू हितं चहा पीत बसलास."

 बालाजी जिमिनीकडं बघत म्हनला, "मीटर माझ्या नावावर हाय, प्लेट माझी हाय. पायजेल तर जागेचं भाडं देतो मी."

संतराम हासला. खरं सांगते, हासला. "भाडं," म्हनला. "मालक झालास बाबा."

दुसऱ्या दिवशी उजाडता नानीनं शेनाचं घमेलं कालवलं. दसऱ्यापासून तिनं ते अंगन सारवलं नव्हतं, भ्या वाटायचं तिला. त्या दिवशी दारापासून बोळापर्यंत सारवलं अन् प्लेट मधात आली तिलाबी सारवलं. जाडजूड, दोन हात. वर रांगोळी काढली.

शिवशंकर आला, गाडी लावली. सोंड शेनात टेकली, लाल दिवा. त्यानं फोन लावला. बालाजी इस्तरीच्या शर्टात पळत आला. तोवर रानी आली, पारावरचे आले.

"काकू, हे काय?"

"सारवन."

"प्लेटीवर?"

"अंगन माझं हाय. तवा लोकायला सांगत व्हतास ना, काकूच्या हातानं बिघडली? तवा न्हवती बिघडली. आता बिघडवली मी. आता सांग सगळ्यायला, कवाची खरी अन् कवाची खोटी."

कुनी हासलं न्हाई. त्यानं संतरामकडं बघितलं. ल्हानपनी मारामारी करून आला की असाच बघायचा काकाकडं, अन् काका सगळं निस्तरायचा. संतरामनं पान्याची बादली आनली. मला वाटलं, आता हाच धुतो. त्याचा जीव तसलाच हाय. पन त्यानं बादली बालाजीपुढं ठिवली.

"मालक," म्हनला, "तुमीच धुवा."

बालाजीला गावापुढं म्हनावं लागलं, काकूनं काई केलं नव्हतं म्हनून. हळू म्हनला, पन रानीनं आईकलं, म्हंजी गावानं आईकलं. मंग उकिडवा बसून त्यानं शेन हातानं काढलं. नानी आत गेली. तिनं बघितलं न्हाई.

प्लेट अजून तिथंच हाय. हिरव्या गाड्या येतेत, बसतेत, उठतेत. संतराम काई म्हनत न्हाई. उखडून टाक म्हनलं तर म्हनतो, "त्याचा बाप करंटानं गेला म्हनून शिकलाय तो हे." सीट मातर वसरीतून काढली, माझ्या घरी आनून टाकली. मी तिच्यावर बसूनच तुला हे सांगून राहिले.

अन् खिडकी लावू नको नंदे, वायर दबंल. मामाची गाडी लावलेली हाय.