सुलतानाची जीप आणि शकुबाईचा काटा

पडदा वर जातो तेव्हा मूल गावाच्या मागच्या वस्तीतलं एक अंगण दिसावं. एका बाजूला बोरीचं झाड. दुसऱ्या बाजूला टिनाच्या शेडखाली सादिकचं शिवणयंत्र. आणि मधोमध, जिथे नायकाने उभं राहायचं, तिथे मागची चाकं काढून लाकडाच्या ओंडक्यांवर टेकवलेली एक जीप. जीपखालून फक्त दोन पाय बाहेर आलेले, सलवार घोट्याच्या वर खोचलेली, टाचांना काळं तेल. हे पाय सुलतानाचे.

मी समोरच्याच घरात राहते. आमचं आयुष्य झाडीपट्टीच्या नाटकात गेलं. धान घरात आलं की मंडळी निघायची, गावोगाव मंडप, थंडीत शेकोट्या, पहाटेपर्यंत प्रयोग. काय दिवस होते! सादिक आमचे पोशाख शिवायचा आणि त्याची बायको सुलताना त्याच्याबरोबर कपड्यांच्या पेट्यांवर बसून यायची. बाकीच्या बायका विंगेतून नाटक बघत. ही बघायची वारलूकडे. वारलू आमच्या गाडीचा ड्रायव्हर. रानात गाडी बंद पडली की आम्ही राजे आणि राण्या रस्त्याच्या कडेला रुसून बसायचो आणि सुलताना वारलूशेजारी उकिडवी बसून त्याला पाने-पकड द्यायची. पुढे पुढे तर तो मागायच्या आधीच योग्य पाना त्याच्या हातात पडायचा. गाडी चालवायलाही त्यानेच तिला शिकवलं.

मंडळी बंद पडली. वारलू देवाघरी गेला. सुलतानाने एक जुनी जीप घेतली आणि मूल-सावली रस्त्यावर सवारी भरायला लागली. स्टँडवर सगळे पुरुष. पहिल्याच दिवशी कोणी तरी विचारलं, "डायवर कुठी हाये?"

"तुमच्याशीच बोलून राह्यली," ती म्हणाली.

त्या स्टँडचा एक नियम आहे. बाजाराच्या दिवशी गाडी हजर पाहिजे. लागोपाठ दोन बाजार चुकले की नंबर गेला, तो दुसऱ्याला मिळतो. नंबर लावायचं काम लोकेशचं. गळ्यात शिट्टी, ती वाजली की गाडी सुटते; अंगात पांढरा शर्ट. त्याच्या साळ्याने नवी गाडी घेतली होती आणि ती नंबरासाठी उभीच होती. नेमकी तेव्हाच सुलतानाची जीप मागून रडायला लागली. चाळीसच्या वर गेली की कोल्हा ओरडावा तसा आवाज.

गॅरेजवाल्याने झाकण उघडून पाहिलं. डिफरन्शियल गेला, म्हणाला. म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारी दातेरी चाकांची पेटी. गाडी ठेवून जा, दिवाळी झाली की बघू. वर आणखी एक वाक्य: "आन् बाईमानसानं इथी उभं नोका राहू, तेल लागते."

एक बाजार आधीच चुकला होता. सुलतानाने दुसऱ्या जीपला दोर बांधला आणि गाडी ओढून घरी आणली.

सादिक हबकला. "अगं, शेरवानी उसवली त मी परत शिवतो. हे लोखंड हाये."

"हे बी शिवणच हाये," ती म्हणाली. "टाके मोठे हायेत, बस."

मग ती चंद्रपूरला जाऊन नव्या बेरिंगा घेऊन आली. मी रोज चहा घेऊन जायची आणि पाहायची. पेटीत एक मोठं दातेरी चाक, क्राऊन, आणि त्याला फिरवणारी लहान पिनियन. पिनियन दोन बेरिंगांमध्ये बसते. खरी मेख त्या बेरिंगांवरच्या दाबात. गाडी चालायच्या आधीपासूनच त्यांच्यावर थोडा दाब ठेवावा लागतो. कमी पडला तर पिनियन डुलते, गाडी रडते. जास्त झाला तर बेरिंग तापून जळते. त्यासाठी कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. एक काढली की आवळतं, एक घातली की सैलावतं.

"म्हणजे तबलजी हातोडी घेऊन गट्टे ठोकतो तसंच की," मी म्हणाले.

"तबला बेसूर झाला त लोक हासतीन, बाई. हे बेसूर झालं त भर रस्त्यात चाक जाम होईन."

दाब मोजायची वारलूची रीत होती. पिनियनच्या तोंडाला सुतळी गुंडाळायची, सुतळीला टांगायच्या वजनकाट्याची आकडी अडकवायची आणि सावकाश ओढायचं. पिनियन फिरत असताना काटा किती दाखवतो ते पाहायचं. "हाताले नोको विचारू, काट्याले विचार," असं तो म्हणायचा. काटा सुलतानाने शकुबाईकडून आणला. शकुबाई तलावातली मासोळी विकते. सुतळी ओढली, काटा कमी. नट खोलून एक चकती काढली, पुन्हा नट आवळला, पुन्हा सुतळी. अजून कमी. आणखी एक चकती काढली. शेवटी काटा वारलूने सांगितलेल्या आकड्यावर आला, आणि तिने पेटी जोडून टाकली.

पहिल्या फेरीला मी पुढच्या सीटवर बसले. रडणं अगदी बंद. नहराच्या पुलावर तिने गाडी थांबवली, खाली वाकून पेटीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तेल करपल्याचा वास मलाही आला. हळूहळू परत निघालो. रस्ता स्टँडवरूनच होता.

"काऊन भाभी," लोकेशने हाक मारली, "डिफ्रन्सलात भाजी टाकली काय? फोडणीचा वास इथवर येऊन राह्यला."

सगळे हसले.

"उद्या बाजार हाये," तो म्हणाला. "मंग मले नोका बोलू. साळा माहा तयार बसला हाये."

"बसू द्या," सुलताना म्हणाली. "बसाची सवय हायेच त्याले."

घरी येऊन मात्र ती उंबऱ्यावरच बसली. सादिक हळूच म्हणाला, "जाऊ दे नंबर. सवारी दुसरीकडे बी भेटते."

"काऊन जाऊ देऊ? नंबर माहा हाये."

"मंग वारलूचा आकडा चुकला असंन."

"वारलू नाई चुकला. म्या कुठी तरी चुकली."

तेवढ्यात शकुबाई आपला काटा न्यायला आली. काटा उचलून तिने इकडेतिकडे पाहिलं. "टोपली कुठी हाये?"

"टोपली कशाले? म्या त काटाच नेला होता."

"अवो, त्याचा स्क्रू फिरवून टोपलीचं वजन वजा करून ठेवलं हाये म्या. गिऱ्हाईक भांडते ना, टोपली बी मोजून राह्यली म्हनून. बिना टोपलीचा तो कमीच दाखवते."

सुलतानाने काट्याकडे पाहिलं, मग शकुबाईकडे, आणि ती इतकी हसली की सादिकचं यंत्र थांबलं.

"म्हंजे बाई, बेरिंग म्या एक टोपली जास्त आवळली."

"आता त्याच्यात मासोळीचा काय कसूर?" शकुबाई म्हणाली. पण तिने स्वतःच स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणून दिला.

पेटी पुन्हा उघडली. बेरिंगा तापून निळ्या पडलेल्या नव्हत्या, वेळेवर थांबलो होतो. चकत्या परत गेल्या, सुतळी परत ओढली, आणि या वेळी काटा खरं बोलला. दिवस मावळायच्या आत चाकं चढली.

सकाळी मी मुद्दाम स्टँडवर गेले. प्रयोगाला मी नाही, असं कसं होईल? सुलताना उजाडताच रिकामी गाडी सावलीपर्यंत नेऊन आणून आली होती. तिच्या जागेवर साळ्याची नवी गाडी उभी होती. सुलतानाने जीप त्या गाडीच्या नाकासमोर आडवी लावली आणि खाली उतरली.

"घरी खोललेल्या गाडीत मानसं बसवता काय?" लोकेश म्हणाला. "काई झालं त स्टँडचं नाव जाईन."

"नियमात गाडी बाजाराले हजर पायजे येवढंच हाये. कुठी खोलली ते नाई."

"पन भरोसा काय?"

"खाली वाका, पेटीले हात लावा. आत्ताच सावलीहून आली."

लोकेशने आपल्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं आणि तो जागचा हलला नाही. तेव्हा रांगेतले एक म्हातारबाबा काठी बाजूला ठेवून गुडघ्यावर बसले आणि गाडीखाली हात घातला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते हात काढेचनात.

"कोमट हाये," ते शेवटी म्हणाले. "माही सून चहा देते, तितका कोमट." आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. त्यांच्यामागून पिशव्या सांभाळत दोन बायका चढल्या, मग एक जोडपं, मग जागा उरली नाही.

साळा नव्या गाडीच्या खिडकीतून लोकेशकडे बघत होता. लोकेश शिट्टी बोटांत फिरवत होता. सुलताना जागेवर बसली, गाडी चालू केली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"लोकेशभाऊ, शिट्टी वाजवा. मानसं बसले."