पहिल्या भागात मेलेले तात्या

फौजेतून रिटायर झालेली चार माणसं रहिमतपुरात एका बाकावर बसली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. घरी जाताना अंगावरून झटकावे लागतात. आमच्या बाकावरचे निम्मे किस्से एकट्या सुभेदार तात्यांचे.

काही वर्षांपूर्वी माणच्या माळावर एका मारधाडीच्या पिक्चरचं शूटिंग झालं. तात्यांना व्हिलनच्या टोळीत घेतलं. काम एवढंच, हिरोने गोळी झाडली की पडायचं. आवाज झाला आणि तात्या कोपरांवर सरपटत धोंड्याआड गेले! जन्माची सवय. पाच टेक झाले, पाचही वेळा तात्या सुखरूप.

डायरेक्टरने हात जोडले. "काका, एकदा मरा ना."

"आडोसा हाय की हितं. मरू कशाला?"

सहाव्या टेकला नाइलाजाने मेले.

*

पिक्चर लागला. तात्या पडद्यावर पडले आणि आम्ही शिट्ट्या मारल्या. शेजारी तात्यांची बायको, आमच्या काकी, मात्र हुंदके देत होत्या. तात्या खरेखुरे बाजूला बसलेत, तरी थांबेनात.

"आवं, तुमी बॉर्डरवर व्हता तवा रोज ह्येच दिसायचं मला."

आम्हाला लय वाईट वाटलं. उरलेला पिक्चर शिट्ट्या न मारता पाहिला.

*

भाग दोन जाहीर झाला तशी तात्यांनी मिशी वाढवली. फोन खिशातून हातात आला.

मी म्हणालो, "तात्या, तुमी मेलाय पैल्या भागात."

"हिरो बी दरीत पडला व्हता. त्यो आला न्हवं?"

फोन काही आला नाही. तात्यांनी मिशी कापली आणि दोन दिवस बाकावर फिरकले नाहीत.

*

तरी भाग दोन बघायला साताऱ्याला गेलोच. "ह्यात मी न्हाई," अशी तात्यांनी शपथ घेतल्यावर काकी आल्या. पहिल्या भागात हिरो निदान गोळ्यांचं मॅगझिन बदलायचा. इथे एकाच पिस्तुलातून धडाधड! तात्या मोठ्याने मोजत होते. "सत्तेचाळीस... अठ्ठेचाळीस..." पहिल्यात एक जीप खरी जळाली होती, ह्यात पन्नास जळाल्या त्या कॉम्प्युटरवर.

"पैल्याची सर न्हाई," तात्यांनी निकाल दिला.

तेवढ्यात हिरोला जुनी मारामारी आठवली. माणचा माळ, तोच धोंडा. काकींनी पदर डोळ्यांवर घेतला. गोळी सुटली, आणि पडद्यावरचे तात्या सरपटत धोंड्याआड गेले. टाकून दिलेला टेक वापरला होता!

"काकी, बघा तरी," मी म्हणालो.

काकींनी पदर काढला. उभ्या राहिल्या आणि पडद्याकडे बोट रोखून ओरडल्या, "आवं, तितंच ऱ्हावा. उठू नगा."

शेजारच्या खुर्चीतून अर्धे उठलेले तात्या गुपचूप खाली बसले.