हिंदी टेबलावरची मराठी

आमचं रेस्टॉरंट जपानात, फुनाबोरी स्टेशनपासून पाच मिनिटांवर आहे. दुपारी तीन ते पाच ते बंद असतं. तेवढ्या वेळात बाकीचे वरच्या खोलीत आडवे होतात. मी कोठारात तांदळाच्या गोणीवर बसून फोन उघडायचो.

मी आठवीत शाळा सोडली. हाताला चव आहे म्हणून इथवर आलो, आणि ज्यांनी आणलं त्यांचे उपकार रोज आठवतो. पण टपालपेटीत एखादं सरकारी पाकीट दिसलं की अजून ते न उघडता तसंच ठेवून देतो. जपानी मला बोलता येतं, तेही किचनपुरतं. वाचता येत नाही. इंग्रजी म्हणजे मसाल्यांच्या पुड्यांवर असतं तेवढं.

फोनवर मी पैसे लावून अंदर-बाहर हा पत्त्यांचा खेळ खेळायचो. पानं खरी, टेबल खरं, पानं वाटणारी मुलगीही खरी, फक्त ती कुठल्याशा थंड देशातल्या स्टुडिओत उभी. इथे राहून असं खेळणं गुन्हा आहे, हे मला माहीत होतं. सुरुवातीला इंग्रजी टेबलावर बसायचो, पण तिथली बाई काय म्हणते ते डोक्यात शिरेपर्यंत डाव संपलेला असायचा. जपानी टेबलावरची मुलगी तर इतकं अदबशीर बोलायची की माझ्या किचनपुरत्या जपानीला त्यातलं काही झेपेना. मग हिंदी टेबल सापडलं. लावायचो अगदी थोडं. खरं सांगायचं तर खेळापेक्षा समोरचं माणूस आपल्याशी बोलतं, त्यासाठीच बसायचो.

एकदा पानं वाटता वाटता तिथल्या मुलीच्या हातून एक पान सटकलं आणि ती पटकन म्हणाली, "अगं बाई!"

मी गोणीवरून उठूनच उभा राहिलो. खेळणाऱ्याला आवाज नसतो, त्याने चॅटमध्ये लिहायचं असतं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, "ताई, जेवलीस का?"

तिने ते वाचलं. क्षणभर हात थांबला. मग कॅमेऱ्याकडे बघून गोड हसत हिंदीत म्हणाली, "यहाँ हम सिर्फ़ हिंदी में बात करते हैं जी." आणि पान उलटताना, मान खाली घालून, "नाही अजून. सुट्टी झाली की."

म्हणजे नियम तिने मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. टेबल ज्या भाषेचं, तीच भाषा. मागे कोणीतरी कायम ऐकत असतं. मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. कळूनच मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं, तिसऱ्या दिवशीही. ती दोन डावांच्या मधे एखादा शब्द टाकायची. "थंडी फार आहे हो, दादा." "तुमच्याकडे मेथी मिळते?" मी लिहिलं, मिळते, पण सोन्यासारखी जपून वापरतो. ती खुदकन हसली. पुढे संध्याकाळभर तंदूरपाशी मी उगाच खुशीत होतो.

मग एका दुपारी दुसऱ्या कुणीतरी चॅटमध्ये लिहिलं, "ये उसको क्या बोल रही है? पत्ता बता रही है क्या?" कुठलं पान येणार ते ती मला आधीच सांगते, असा संशय; आणखी एकाने री ओढली. त्याच डावात नेमका मी जिंकलो होतो. तिचा चेहरा उतरला. आता मी गप्प बसायला हवं होतं. पण मी लिहिलं, "घाबरू नकोस ताई, मी आहे ना." तेही मराठीत!

मागून कुणीतरी आलं. तिने दोन्ही तळवे पालथे-उताणे करून कॅमेऱ्याला दाखवले, हातात काही नाही म्हणून. पानं वाटणाऱ्यांना टेबल सोडताना तसं दाखवावंच लागतं. "आप सबका दिन शुभ हो," म्हणाली आणि गेली. तिच्या जागी दुसरी उभी राहिली. त्यानंतरच्या आठवड्यात ती दिसली नाही.

मग ॲपवाल्यांकडून मला इंग्रजीत एक निरोप आला. संध्याकाळी वहिनी रेस्टॉरंटमध्ये आल्या तेव्हा तो त्यांच्यापुढे केला. वहिनी म्हणजे आमच्याकडे डबा घ्यायला येणाऱ्या, पुण्याच्या, कंपनीत इंजिनीअर. कचरा कसा वेगळा करायचा इथपासून वॉर्ड ऑफिसच्या कागदांपर्यंत सगळं त्यांनी मला शिकवलं. त्यांच्यासमोर तोंड उघडताना कानशिलं तापली, पण सगळं सांगितलं.

त्यांनी फोन घेतला. "त्या मुलीची चौकशी चाललीय. तिने तुम्हाला खेळातलं काही सांगितलं का, असं विचारतायत. हो किंवा नाही. खाली रेसिडेन्स कार्डाचा फोटो जोडायचाय. तीन दिवसांत."

"नाही म्हणून लिहा ना वहिनी. तिने काहीच सांगितलं नाही. मेथीचं बोललो आम्ही."

"भाऊ, मेथीचं बोलायला जुगाराचं टेबलच सापडलं का तुम्हाला?"

मी खाली बघितलं.

"फोन करत जा ना आमच्याकडे. तुम्ही कंटाळेपर्यंत बोलते मी मराठी." मग त्यांचा आवाज बदलला. "व्हिसा पुढच्या महिन्यात रिन्यू करायचाय ना तुमचा? आणि या लोकांना स्वतःच्या हाताने लिहून देणार, मी जपानात बसून खेळतो म्हणून?"

"पण तिची नोकरी?"

त्यांनी फोनवरचा निरोप पुन्हा एकदा वाचला. "मला नाही माहीत," म्हणाल्या. "तुमचं तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणाल ते लिहून देते मी."

डब्याची पिशवी त्यांच्या हातात होती, घरी पोरं वाट बघत होती, तरी त्या थांबून राहिल्या. त्यांनीच नको म्हटलं, असं पुढे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. त्यांनी तसं म्हटलं नव्हतं. मी फोन परत घेतला आणि म्हणालो, "राहू दे वहिनी. उगाच तुम्हाला त्रास." त्यांच्यादेखत ॲप काढून टाकलं. पाठीवरची गोणी उतरवल्यासारखं हलकं वाटलं मला. तीन दिवस गेले, चौथाही गेला.

व्हिसा झाला. नवीन रेसिडेन्स कार्ड घेऊन वहिनींना दाखवायला गेलो, सोबत दूध आटवून केलेले पेढे. त्यांनी एक तोंडात टाकला आणि माझ्याकडे निरखून बघितलं.

"आनंद नाही झाला का हो, भाऊ?"

"झाला ना," मी म्हणालो.

आणि झालाच होता.