मोहाजवळचा हात

मी भूतखेत मानणारा माणूस नाही. हायवेला लागून हार्डवेअरचं दुकान असलेल्या माणसाला ते परवडतही नाही. दिवसभर खिळे तोलायचे, पाइपाच्या जोडावरून प्लंबरशी हुज्जत घालायची आणि दिवेलागणीला शटर ओढायचं, यात भुतांनी यावं तरी केव्हा? तरीही मागच्या हिवाळ्यात मी मोटरसायकलवर एकटा बसलो की मागे वळून पाहायचो. मागे कोणी नसायचं. कोणी नाही हे पाहून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं.

आमचं घर लाखनीला आणि मावशी आंधळगावला. आईची ही एकुलती एक बहीण. महिन्यातून एकदा तिला भेटून आल्याशिवाय आईला चैन पडत नसे. बस तिला लागायची, म्हणून मी तिला मोटरसायकलवर न्यायचो. हायवेवर ट्रकवाले अंगावर येतात, तेव्हा आम्ही आतल्या रस्त्याने, बोड्यांच्या म्हणजे लहान तळ्यांच्या पाळीपाळीने, धानाच्या बांध्यांमधून जायचो. सकाळीच निघायचो, म्हणजे ऊन पाठीवर असायचं.

फोटोंचा नाद मला याच रस्त्याने लावला. धुक्यातली बोडी, पाण्यात कमरेइतका उतरून जाळं ओढणारा ढिवर, धानावर उतरलेले बगळे, हे सगळं रोज कोण जाणे कोणासाठी मांडून ठेवलेलं असतं. पण फोटोसाठी गाडी थांबवायची, हातमोजे काढायचे, खिशातून मोबाइल काढायचा, तोवर बगळे उडालेले. मला थांबायचा मुळात कंटाळा. म्हणून मी हॅन्डलवर मोबाइलचा होल्डर बसवला आणि थोड्याथोड्या वेळाने आपोआप फोटो काढणारं एक ॲप टाकलं. मी गाडी चालवायची, मोबाइलने फोटो काढत राहायचं. घरी आल्यावर शंभरातले एकदोन बरे निघायचे, बाकी सगळे खड्डे आणि म्हशींचे पार्श्वभाग.

"तुमचे फोटो पाहून मले घरात बसल्या बसल्या गाडी लागते," असं बायको म्हणायची.

आई मागे एका बाजूला पाय सोडून बसायची. रस्ताभर काहीतरी बोलत असायची. माझ्या डोक्यात हेल्मेट, वरून वारा. मी आपला "हो, हो" म्हणायचो. काय बोलते ते एकदाही ऐकू आलं नाही आणि तिनेही कधी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

आमचं जुनं गाव याच रस्त्यावर लागतं. माझ्या जन्माआधीच वडिलांनी तिथली शेती विकली आणि लाखनीत दुकान टाकलं. गावात आता आमचं कोणी नाही, त्यामुळे थांबायचा प्रश्न नसे. गावाच्या जरा अलीकडे रस्त्याला चिकटून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक मोहाचं झाड होतं आणि त्याच्या पुढे रस्त्याखालून पाणी जायला एक लहानशी मोरी. मोरीवर गाडी उसळायची. तिथे आलं की आई माझ्या खांद्यावर हात ठेवायची. मी समजायचो, हळू घे म्हणते. आणि मी हळू घ्यायचो.

मागच्या साली कापणीच्या तोंडावर आईच्या अंगात ताप भरला आणि बघता बघता ती गेली. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो तर एक धड सापडेना. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून घेतला. आधार कार्डावर सगळेच फरारी दिसतात, आईही दिसते. मला त्या फ्रेमकडे पाहवत नव्हतं. रस्त्याचे, म्हशींचे, बगळ्यांचे इतके फोटो माझ्याकडे, आणि जी बाई दर वेळी मागे बसून होती तिचा एकही नाही! मला माझाच राग आला.

त्यात मोबाइलही बिघडला. काहीही काढलं तरी फोटो हललेला यायचा. दुरुस्तीवाल्याने तो उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "गाडीवर लावता का?"

"हो."

"मंग गेला. गाडीच्या थरथरीनं भिंग ढिलं होते आतून. आता काईबी काढा, डुलूनच येईन."

नवा मोबाइल घेतला. जुन्यातले फोटो त्यात टाकायला दुपारी दुकानात बसलो. गिऱ्हाईक नव्हतं. एकेक फोटो पाहत, नको ते काढून टाकत होतो, आणि एका फोटोवर बोट थांबलं. समोर रस्ता, आणि रस्त्यावर आमच्या गाडीची लांब सावली. पाठीमागून ऊन, म्हणजे सावली पुढे पडणारच, त्यात नवल काही नाही. पण रस्ता तिथे थोडा वळत होता, म्हणून सावल्या सुट्या झाल्या होत्या. एक हेल्मेटवाल्याची. आणि तिच्या खांद्यामागून डोकावणारी दुसरी, डोक्यावरचा पदर वाऱ्याने फुगलेला.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मग रडू आलं. एक प्लंबर पाइप मागायला आला होता, तो तसाच परत गेला.

त्या दिवसापासून मला वेडच लागलं. दुपार झाली की मी मोबाइल घेऊन बसायचो आणि आईला शोधायचो. ती होती. मळलेल्या वाटेवर, डांबरावर, पाळीच्या गवतावर तुटक तुटक, कधी नुसता पदर, कधी नुसतं कोपर. नंतरनंतरचे फोटो हललेले, त्यांत तिची सावली थरथरत होती, थंडीने कुडकुडल्यासारखी. मावशीकडे मी गाडीवर एकटा निघालो की समोर माझी एकट्याची सावली पडायची आणि तिच्या खांद्यामागे मी पदर शोधत राहायचो. मोरीवर गाडी उसळली की मागे ओझं आहे असं वाटायचं. मागचे फुटरेस्ट शेवटच्या खेपेपासून उघडेच होते. एरवी आई उतरली की मी ते पायाने बंद करायचो. आता ते बंद करायला पाय धजत नव्हता.

बायकोच्या हे ध्यानात आलं. "तुमाले काई दिसून राहिलं का?" तिने सरळ विचारलं. मी खेकसलो. तिने ऐकून घेतलं आणि माझ्यावरून लिंबू उतरवून चौरस्त्यावर टाकलं. मी न मानणारा माणूस, पण तिला अडवलं नाही.

पाहता पाहता एक गोष्ट कळली. आईची सावली नुसती बसलेली नव्हती. शेंदूर फासलेल्या दगडाजवळच्या प्रत्येक फोटोत तिचा हात कपाळाशी गेलेला होता. मारुतीच्या देवळाशी तसंच. वैनगंगेच्या पुलावर हात बाहेर निघालेला, म्हणजे नदीत नाणं टाकलेलं. माझ्या पाठीमागे ती अख्ख्या रस्त्याला रामराम करत चालली होती आणि मला पत्ता नव्हता. मी ते फोटो ओळीने लावले, आणि तेव्हा मोहाच्या झाडाशी अडलो. तिथे हात कपाळाशी नव्हता, माझ्या खांद्यावर होता. प्रत्येक खेपेला. आणि मोरीपाशी नाही. मोरी यायच्या बरीच आधी, अगदी झाडासमोर. मोरी ओलांडायच्या वेळी हात खाली आलेला होता.

म्हणजे ती "हळू घे" म्हणत नव्हती.

मी त्या रस्त्याने निघालो. जाऊन पाहतो तर मागच्या खेपेपर्यंत असलेला मोह नाही. रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं. काठची झाडं पाडून ओंडके एका बाजूला रचले होते, धुरा खोदला होता, लाल मुरूम पसरून त्यावर रोलर फिरत होता. तसाच पुढे मावशीकडे गेलो.

मावशी अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. मी पाणीही न घेता विचारलं, "मावशी, जुन्या गावाजवळच्या त्या मोहाखाली काय होतं?"

तिचा हात सुपातच राहिला. "कोनं सांगतलं तुले?"

"कोनंच नाही. आई तिथं माझ्या खांद्यावर हात ठेवे."

मावशी डाळीतून बोटं फिरवत म्हणाली, "बहीन होती तुही. तुया आधीची. दात याच्या आधीच गेली. दात न आलेल्या लेकराले जाळत नाहीत बाबू, मातीत ठेवतात. तुया बापानं मोहाखाली ठेवली तिले. नाव बी ठेवलं नोहोतं. बाई, बाई मनत होतो सारे."

"मग मले कायले नाही सांगतलं?"

"भेव होतं तुया मायले. गेलेल्या लेकराचं घरात बोललं का ते पाठच्याले घेऊन जाते, मनतात. तू पोटात होता तवा. मनून त गाव सोडलं. तुयासमोर विषय काढाचा नाही, अशी आन घातली होती मले."

म्हणजे माझा जीव राहावा म्हणून आईने जन्मभर तोंड शिवून घेतलं होतं. ज्या रस्त्यावरून मी बगळ्यांचे फोटो काढत जायचो, त्या रस्त्यावर ती आपल्या लेकीला ओलांडून जात होती. मी विचारलं, "मग तो हात कायले ठेवे?"

मावशी हसली आणि हसता हसता तिने पदराने डोळे टिपले. "म्हातारपनी भेव सुटलं तिचं. इथं आली का मले सांगे. मने, आज बाईले मनलं, पाहून घे वं, हा तुहा भाऊ, मले गाडीवर घेऊन चालला. खांद्यावर हात ठेवून दाखवे तिले, का हाच तो. तुले कुठचं आयकू येईन? डोक्यात टोपलं घालून रायते तू."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. भिंतीवरच्या फ्रेमसमोर तिने त्या दिवशी दुसरी एक पणती लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. फोटो घेऊन मोहाच्या जागी गेलो. रोलर अजून सुरू व्हायचा होता. मला एवढंच पाहायचं होतं की बाई नेमकी कुठे आहे, रस्त्याखाली गेली की काठाला वाचली. सिमेंट पडल्यावर ते कोणालाच सांगता येणार नव्हतं. मोरी जागेवर होती, तिच्यावरून अंदाज घेतला. मोबाइल डोळ्यांसमोर धरून पुढे-मागे सरकत राहिलो. पण मोहाचा बुंधा आणि मोरी एकाच चौकटीत आलेले जे फोटो होते ते नेमके शेवटच्या खेपांचे, भिंग ढिलं झाल्यावरचे. एका फोटोत बुंधा दोन ठिकाणी दिसायचा, दुसऱ्यात धुऱ्याची कडाच विरघळलेली. सगळीकडे सारखाच लाल मुरूम. जागा मला सापडली नाही. इथेच कुठेतरी, एवढंच म्हणता आलं.

तिथे उभा असताना एक गोष्ट मनात आली. आई गेल्यानंतरही मी या रस्त्याने येतजात होतो. तीच गाडी, तोच आवाज, आणि खांद्यावर हात नाही. आई गेल्याचं आम्ही सगळ्या सोयऱ्यांना कळवलं होतं. लांबच्या लांब लोकांनाही फोन केले होते. बाईला कोणीच सांगितलं नव्हतं.

मी हेल्मेट काढून हातात घेतलं. ऊन पाठीवर होतं, सावली मुरमावर लांब पडली होती. मी माझा हात माझ्याच खांद्यावर ठेवला. लाज वाटली, पण ठेवला.

"बाई," मी म्हणालो, "मी भाऊ. माय नाही येत आता. कापणीच्या आधीच गेली ते."

मुरमावरून एक टिटवी ओरडत गेली. दूर रोलरवाल्याने इंजिन सुरू केलं. मी गाडीपाशी आलो. मागचे फुटरेस्ट उघडेच होते. आईने जन्मभर जिचा वाराही मला लागू दिला नाही, तिची मला अजिबात भीती वाटत नव्हती.

"चाल बाई, बस," मी म्हणालो. "मावशीकडे जाऊ."

आणि मोरीवर गाडी हळू घेतली.