अंगाखालच्या पट्ट्या

डायलिसिस सुरू झाल्यापासून बाबांना सारखी थंडी वाजायची. वर्तकनगरच्या आमच्या घरातल्या लादीशी तर त्यांचं उभं वैर. पलंगावरून पाय खाली टेकवला की तोंड वाकडं व्हायचं. मोजे घातले की घसरायची भीती, आणि घरात चप्पल घालायची नाही हा त्यांचा हट्ट. शेवटी वैतागून मी त्यांच्या खोलीत लाकडी फ्लोअरिंग करायचं ठरवलं.

कारागीर आला, पट्ट्यांचे खोके भिंतीशी रचून चालता झाला. लाकडाला दोन दिवस खोलीची हवा लागू द्यायची, नाहीतर बसवल्यावर ते फुगतं, म्हणाला. मला तेवढाही धीर नव्हता. बाबांना मात्र गंमत वाटली.

"तुझी आई लग्न होऊन आली, तर दुसऱ्याच दिवशी चुलीपुढे बसवलेलं तिला. या लाकडांचे लाड बघ."

बऱ्याच दिवसांनी आई हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा यायच्या आत, बाबा गेले.

डोंबिवलीहून थोरले काका आले. त्यांनी बाबांना पलंगावरून खाली घ्यायला सांगितलं. माणूस शेवटी भुईला टेकला पाहिजे, ही आमच्याकडची रीत. मला ती ठाऊक होती, तरी माझं डोकं फिरलं. वर्षभर ज्या लादीला ते कंटाळले, तिच्यावरच त्यांना निजवायचं? मी एक खोका फोडला आणि खाली पट्ट्या मांडायला लागले. मध्ये लाकूड आलं तर भुईचा स्पर्श कसा होणार, असं काका म्हणत राहिले. शेजारच्या काकू माझा दंड धरून मला उठवायला लागल्या. तेव्हा आई पहिल्यांदा बोलली.

"असू द्या, भाऊजी. त्यांना गार लागतं."

काकांनी मान खाली घातली. मग खोक्यातल्या उरलेल्या पट्ट्या तेच एकेक करून माझ्या हातात देऊ लागले.

त्या पट्ट्या आता घरात नकोत, असं नंतर नात्यातल्या बायकांनी सुचवलं. आईने ऐकलं नाही. आवराआवरीत कोणीतरी त्या पुसून परत खोक्यात भरल्या होत्या. तेरावं झाल्यावर कारागीर आला. त्याने सगळे खोके एकदम उघडले आणि पट्ट्या एकमेकींत मिसळल्या. अशाने रंग सगळीकडे सारखा दिसतो, म्हणाला. मी काही बोलायच्या आत अर्धी खोली झालीही होती. संध्याकाळी मी अनवाणी आत गेले. पायाला जराही गार लागलं नाही, आणि मला रडू आवरेना.

आई रोज दुपारी त्या खोलीत खाली आडवी होते. पलंगाला हात लावत नाही. तिची उशी कधी खिडकीशी असते, कधी दाराशी, कधी कपाटाला लागून. एक जागा धरून झोप की, असं मी परवा म्हटलं.

"त्यांच्या अंगाखालच्या कुठल्या ते कळत नाही ना," ती म्हणाली. "म्हणून सगळीकडे झोपते."